ट्रॉलीवर आम्ही नव्हतो

रागात असताना कागद लिहू नये, एक रात्र मधे जाऊ द्यावी, असं मी नोकरीत असताना हाताखालच्या मुलींना नेहमी सांगायची. या गोष्टीला आता सात आठवडे झाले. राग होता तेवढाच आहे, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही दोघांनी तो फोटो पाहिलाय. मधे आजोबा, गळ्यात झेंडूची माळ, शेजारी मी माझ्या तपकिरी शालीत, दुसऱ्या बाजूला काळ्या कोटातले स्टेशन मास्तर. आजोबांनी तो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'माझी पहिली लाईन, पन्नास वर्षांनी.' तुम्ही दोघांनी लाल बदाम पाठवलेत आणि विचारलंत, आजी, मजा आली का? मी तेव्हा काहीच लिहिलं नाही. आता सगळं क्रमाने सांगते.

आजोबा रेल्वेत इंजिनियर होते हे तुम्हाला माहीत आहे. त्यांची पहिली नेमणूक हरियाणातल्या एका छोट्या शाखा लाईनवर झाली होती. मुख्य मार्गापासून फुटलेली एकेरी लाईन, दिवसातून मोजक्या पॅसेंजर गाड्या. रूळ तपासायला ते तिथे ट्रॉलीवरून फिरत. ट्रॉली म्हणजे चार लोखंडी चाकांवर ठेवलेला लाकडी बाक, एवढंच. तेव्हा ती माणसं ढकलायची. रुळावरून अनवाणी धावत ढकलायची आणि वेग आला की मागे उडी मारून बसायची. आता तिला इंजिन असतं, म्हणून मोटार ट्रॉली. अजूनही पुढच्या बाकावर साहेब बसतो आणि मागे ट्रॉलीमन. समोरून गाडी येणार असेल तर चौघं मिळून ती उचलून रुळाच्या बाजूला ठेवतात.

मरण्यापूर्वी एकदा त्या लाईनवरून ट्रॉलीने जायचं, असं आजोबा गेली दोन वर्षं म्हणत होते. मी हसण्यावारी न्यायची. मग कळलं की त्या भागाचा अधिकारी म्हणून आपलाच एक मुलगा आला आहे. आपला म्हणजे नात्यातला नव्हे. दिल्लीत परीक्षेच्या तयारीसाठी राहत होता तेव्हा दर रविवारी आपल्याकडे जेवायला यायचा, गणपतीत मंडळात आरतीला उभा असायचा. मला काकू म्हणतो, आजोबांना सर. आजोबांनी फोन केला तर म्हणाला, "सर, हे काय विचारणं झालं? रविवारी सकाळी या. काकूंनाही आणा. साखर-बिखर सगळं बंद आहे ना तुमचं? बिनसाखरेचा चहा ठेवायला सांगतो."

बाहेरच्या माणसांना ट्रॉलीवर बसवायला परवानगी लागते. आमच्यासाठी ती कोणी काढली नव्हती. हे मला माहीत नव्हतं. आजोबांना पक्कं माहीत होतं.

आम्ही दिल्लीहून, द्वारकेच्या घरातून, सकाळी सातला टॅक्सीने निघालो. जानेवारी होता, गुरुग्रामच्या पुढे धुकं जमिनीला धरून होतं. स्टेशन म्हणजे एक फलाट, एक खोली, एक कडुनिंब. स्टेशन मास्तर साठीला टेकलेले, कपाळावर टिळा, कोटाची वरची गुंडी तुटलेली. सगळे त्यांना मास्टरजी म्हणत होते. त्यांनी माळ आणून ठेवली होती, समोसे आणले होते. आजोबांच्या पाया पडले. "साहब, मैंने आपका नाम पुराने रजिस्टरों में पढ़ा है," म्हणाले. आजोबांचे डोळे भरून आले. इथपर्यंत मजा आली, हे मी नाकारत नाही.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. स्टेशनपासून जेमतेम दीड किलोमीटरवर एक फाटक आहे. तिथून गावाचा रस्ता रूळ ओलांडतो. गाडी सोडण्यापूर्वी, आणि मोटार ट्रॉलीही गाडीच मानतात, मास्तरांनी फाटकावर फोन करायचा. फाटकवाल्याने फाटक बंद करायचं आणि मग फोनवर एक आकडा सांगायचा. त्याच्याजवळ छापील आकड्यांचा कागद असतो. एक आकडा एकदाच वापरायचा, वापरला की त्यावर रेघ मारून शेजारी वेळ लिहायची. मास्तरांनी तो आकडा आपल्या वहीत लिहायचा आणि मगच गाडी सोडण्याचा कागद हातात द्यायचा. आकडा नाही तर गाडी नाही. मागच्या वेळी आलात तेव्हा आजोबांनीच जेवणाच्या टेबलावर मीठ-मिरीच्या डब्या सरकवत तुम्हाला हे समजावलं होतं. "यात माणसाच्या लहरीला जागाच नाही," असं ते म्हणायचे.

मास्टरजींनी कागद भरला होता आणि फाटकाचा फोन उचलला होता. मी दारातून पाहत होते. आणि मीच हाक मारली. "मास्टरजी, आप भी आइए ना, एक फोटो. मेरे पोते-पोती बाहर रहते हैं, उनको भेजूँगी." ते म्हणाले, "बस, एक मिनट, माताजी." तेवढ्यात आपला अधिकारी बाहेरून म्हणाला, "अरे आ जाइए, धूप निकली है, फिर चली जाएगी." मास्टरजींनी फोन ठेवला. कागद हातात घेऊनच बाहेर आले. एका ट्रॉलीमनने फोटो काढला. फोटो झाल्यावर अधिकाऱ्याने त्यांच्या हातातला कागद काढून घेतला आणि खिशात घातला.

"साहब, गेट को अभी..."

"बोल दीजिए ना अंदर जाकर. हम कौन-सी राजधानी चला रहे हैं."

सगळे हसले. आजोबाही हसले. पन्नास वर्षं ज्यांनी आकड्याचा नियम सांगितला, ते हसले.

ट्रॉली चालवायला वेगळा माणूस असतो. त्या दिवशी त्याला मागे बसवलं आणि अधिकारी स्वतः चालवायला बसला. "सर, बघाच आता, तुमच्या वेळी हे नव्हतं." मधे आजोबा, कडेला मी. पुढे लाल झेंडी. इंजिन फटफटीसारखं वाजत होतं. पाय मोकळे, खालून रुळांचे आडवे स्लीपर सरकत जात होते, आणि बाकाखाली स्प्रिंग नसल्यामुळे प्रत्येक सांध्याचा दणका थेट पाठीच्या मणक्यात बसत होता. दोन्हीकडे मोहरी फुललेली होती. मधेच प्लॉटच्या जाहिरातींचे फलक, एक गोदाम, वीटभट्टीची चिमणी. रुळावरून एक मोर उठून किकरात, म्हणजे बाभळीत, गेला. आजोबा मोठ्याने काहीतरी सांगत होते, इथे पाणी साचायचं, इथे रूळ खचायचा. अधिकाऱ्याने वेग वाढवला. मी आजोबांचं कोपर धरून बसले होते.

वळण संपलं आणि फाटक दिसलं. उघडं होतं. मधोमध विटांनी भरलेला ट्रॅक्टर.

ब्रेक कर्कश वाजला. मागचा एक ट्रॉलीमन ट्रॉली अडवायला म्हणून उडी मारून उतरला आणि खडीवर हातावर पडला. आम्ही ट्रॅक्टरच्या मागच्या चाकापासून इतक्यावर थांबलो की मला चाकाच्या खाचेतला वाळका चिखल दिसत होता. ट्रॅक्टरवाल्याने एक शिवी दिली, माणसं पाहिली, आणि पुढे निघून गेला.

फाटकाच्या खोलीतून एक बाई धावत आली. पस्तिशीची असेल. निळ्या स्वेटरवर खात्याचं नारिंगी जाकीट, डोक्यावरून ओढणी. हातात गुंडाळलेली झेंडी.

अधिकारी ओरडला, "मरवाओगी क्या? गेट खुला क्यों है?"

"साब, फोन कोनी आया." फोन आलाच नाही.

"झूठ मत बोलो!"

"साब, मन्नै फोन कोनी आया. फोन आता तो गेट ना लगाती के?"

आणि तेवढ्यात खोलीतला फोन वाजायला लागला. जुना, मोठ्या आवाजाचा फोन. आम्ही सगळ्यांनी ऐकला. मास्टरजी तेव्हा कुठे फोन करत होते. ती बाई खोलीकडे वळली, परत आमच्याकडे पाहिलं, तिला कळेना की आता काय करावं. ट्रॉलीमन खडीवर मनगट धरून बसला होता, त्याचा चेहरा पांढरा पडला होता. फोन वाजून वाजून थांबला.

मला वाटलं, आता सगळं स्पष्टच आहे. इतकी मी मूर्ख.

अधिकारी खोलीत गेला, फाटकाची नोंदवही मागितली आणि उभ्याउभ्या इंग्रजीत लिहायला लागला. तपासणीला आलेला साहेब प्रत्येक फाटकावर असा शेरा लिहितो, खाली फाटकवाल्याची सही घेतो. मी दारात उभी होते. त्याने लिहिलं की फाटक उघडं आढळलं, फाटकवाली कामात हलगर्जी होती, तिच्यामुळे ट्रॉलीमन जखमी झाला, तिला ताबडतोब कामावरून दूर करावं. मग वही फिरवून तिच्यापुढे ठेवली. "यहाँ साइन करो."

"साब, के लिख्या सै?"

"जो हुआ वही लिखा है. रूटीन है."

तिने हिंदीत सही केली. एकेक अक्षर सुटं, वरची रेघ शेवटी, एका ओढीत.

मी इंग्रजी वाचू शकते. पस्तीस वर्षं आर. के. पुरमच्या एका सरकारी कार्यालयात दुसरं काहीच केलं नाही, इंग्रजी कागद वाचले आणि लिहिले. तिची सही होण्याच्या आधी मी तो शेरा पूर्ण वाचला होता. बोलले सही झाल्यावर. मधल्या वेळात मी आजोबांकडे पाहत होते, ते बोलतील म्हणून. ते भिंतीवरचं वेळापत्रक वाचत होते.

मग मी तिला सांगितलं, "इसमें लिखा है कि ग़लती तुम्हारी है. नौकरी से हटाने को लिखा है."

ती माझ्याकडे बघत राहिली. अधिकारी मराठीत म्हणाला, "काकू, प्लीज. हे खात्याचं अंतर्गत आहे. चला, त्या पोराचा हात दाखवायला हवा." आणि आजोबा म्हणाले, "चल, उशीर होतोय."

मी पर्स उघडून माझी छोटी वही काढली आणि वेळ टिपली. दहा वाजून बारा मिनिटं. तेवढंच केलं.

परतीच्या टॅक्सीत मी विचारलं, "तुम्ही गप्प का राहिलात?"

आजोबा म्हणाले, "तुला काय वाटतं, मी तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? आधी प्रश्न आला असता की तुम्ही दोघं ट्रॉलीवर कोणाच्या परवानगीने. त्या मुलाची नोकरी गेली असती."

"आणि तिची?"

"तिला समज देतील. फार तर आठ दिवस बसवतील घरी."

"शेऱ्यात कामावरून दूर करा असं आहे."

"शेऱ्यात सगळेच तसं लिहितात."

"तुम्ही लिहायचात?"

त्यांनी खिडकीची काच वर केली.

चार दिवसांनी मी मास्टरजींना फोन केला. नंबर त्यांनीच दिला होता, फोटो पाठवण्यासाठी. म्हणाले, बाईला निलंबित केलंय, चौकशी बसणार आहे, नोकरी जाईल असं कार्यालयात बोलतायत. तिचा नवरा रुळावर काम करायचा, गाडीखाली गेला, त्याच्या जागी ही लागली. घरी दोन मुली आणि सासू. मी म्हटलं, "मास्टरजी, आप सच बता दीजिए ना. फ़ोन तो आपने बाद में किया." मग म्हणाले, "माताजी, मेरे डेढ़ साल बाकी हैं." आणि मग, "फोटो के लिए आपने बुलाया था." ते आरोप म्हणून बोलले नाहीत. नुसतं सांगितलं. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत बसले.

त्याच संध्याकाळी मी निवेदन लिहायला घेतलं. इंग्रजीत, दोन पानं. आम्ही कोण, ट्रॉलीवर परवानगीशिवाय कसे बसलो, फोटोसाठी मास्तरांना मी कसं बोलावलं, कागद कोणी घेतला, ट्रॉली कोण चालवत होतं, फोन कधी वाजला. स्वतःला कुठे वगळलं नाही. आजोबा टीव्हीसमोर बसले होते, आवाज बंद ठेवून. मी त्यांना वाचून दाखवलं.

"हे पाठवू नकोस," ते म्हणाले.

"यात खोटं काय आहे ते सांगा."

"खोटं काही नाही. पण तो आपल्या घरी जेवलाय."

"म्हणून?"

"म्हणून आपला माणूस आहे. दिल्लीत आपली माणसं किती उरलीत, मोज."

मला फार राग आला. आयुष्यभर या माणसाने नियमाला नातं आड येऊ दिलं नाही असं मी तुमच्या बाबाला सांगत आले. तुमच्या बाबाला एकदा रेल्वेच्या पासवर मित्राला बसवलं म्हणून गाडीतून उतरवून घरी आणलं होतं यांनी. तो बारा वर्षांचा होता. आणि आता आपला माणूस.

मी म्हटलं, "तुम्ही सही करणार आहात का खाली? साक्षीदार म्हणून?"

"नाही."

तो विषय तिथे संपला. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना, आरशाकडे बघतच ते म्हणाले, "फाटकावरचा आकड्यांचा कागद जपून ठेवायला सांग. त्या दिवशीच्या वेळेला त्यावर रेघ नसेल. मास्तरच्या वहीतही आकडा नसेल, असला तर तिच्या कागदाशी जुळणार नाही. तेवढं एक खोटं करता येत नाही." मी ते निवेदनात तिसरा परिच्छेद म्हणून घातलं आणि दुपारी रजिस्टर पोस्टाने रेल्वेच्या विभागीय कार्यालयात पाठवलं. हे ज्ञान त्यांचं होतं. सही माझी एकटीची.

पुढच्या रविवारी अधिकारी घरी आला. बूट दाराबाहेर व्यवस्थित लावून ठेवले, आजोबांच्या पाया पडला, माझ्याही पडायला वाकला. मी पाय मागे घेतले.

"काकू, तुमचा कागद माझ्या साहेबांपर्यंत गेलाय. अजून फाईलला लागलेला नाही."

"का नाही लागला?"

"कारण साहेब म्हणाले, आधी बोलून घे." तो खुर्चीच्या टोकावर बसला होता. "बघा, तुम्ही तो मागे घेतलात तर मी माझा शेरा रद्द करतो. बाई दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर. कोणाचंच काही बिघडत नाही. तुम्ही ट्रॉलीवर नव्हता, काही घडलंच नाही."

"आणि तो ट्रॉलीमन? त्याचं मनगट मोडलंय."

"तो डेपोत पायरीवरून घसरला. तसं त्याने लिहून दिलंय."

"त्याने लिहून दिलं, की तू लिहिलंस आणि त्याने सही केली?"

तो लाल झाला. आजोबा म्हणाले, "अगं, तो घरी आलाय." मी म्हटलं, "मला दिसतंय." मग त्याला विचारलं, "आणि नाही घेतला मागे तर?"

"तर चौकशी होईल. माझी होईल, मास्टरजींची होईल, तिचीही होईल. वर्ष, दीड वर्ष. तोवर ती घरीच. आणि शेवटी, काकू, तुम्हाला माहीत आहे, सगळ्यांत खालचाच सापडतो."

धमकी नव्हती. त्याला ते खरोखर तसंच दिसत होतं, आणि मी सरकारी नोकरीत काढलेल्या वर्षांवरून सांगते, तो चुकीचं बोलत नव्हता. त्याचाच मला सर्वांत जास्त संताप आला. मी म्हटलं, "मी तिला विचारेन. नोकरी तिची आहे." तो उठून गेला. चहाला हात लावला नव्हता.

मी एकटी टॅक्सी करून तिच्या गावी गेले. मास्टरजींनी घर सांगितलं होतं. अंगणात खाटेवर सासू उन्हात बसली होती, बाई म्हशीपुढे चारा टाकत होती. मला पाहून तिने हात धुतले, स्टीलच्या पेल्यात ताक आणलं. मी सगळं सांगितलं. निवेदन ठेवलं तर काय, मागे घेतलं तर काय. तिच्या बाजूने पुरावा पक्का आहे, मी चौकशीत येऊन बोलायला तयार आहे, हेही सांगितलं. मला वाटत होतं, ती लढू या म्हणेल. खरं सांगायचं तर मला ते हवं होतं.

ती म्हणाली, "ले लो वापस, अम्मा जी."

"पर ग़लती तुम्हारी नहीं थी."

"मन्नै बेरा सै." मला माहीत आहे. मग ती सासूला ऐकू जाऊ नये म्हणून जवळ सरकून बसली. तिचा नवरा गाडीखाली गेला तेव्हाही एक कागद झाला होता, इंग्रजीतच. त्यात लिहिलं होतं की चूक त्याची, त्याने शिट्टी ऐकली नाही. वर्षभराने तिच्या भावाने कोणाकडून तरी तो वाचून घेतला. त्याच्याबरोबरच्या माणसांनी तिला सांगितलं होतं की शिट्टी झालीच नव्हती. "मैं उस कागज पे लड़ती, तो नौकरी मिलती के? मन्नै अँगूठा... ना, साइन करी अर नौकरी ले ली. अब बी वोई करूँगी. लिखण दो जो लिखैं. ड्यूटी दे दो बस."

"तुम्हें गुस्सा नहीं आता?"

ती हसली. "आवै सै. पर छोरी की फीस गुस्से तै कोनी भरी जाती."

मला तिचाही राग आला. हे लिहायला लाज वाटते, पण आला. परतताना पूर्ण रस्ताभर मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते, की तुझ्यासाठी मी नवऱ्याशी बोलणं सोडलं आणि तू म्हणतेस ले लो वापस. नजफगढच्या आसपास गाड्यांच्या रांगेत अडकले तेव्हा लक्षात आलं की मी एका बाईकडे तिच्या भाकरीच्या बदल्यात माझं समाधान मागते आहे. राग गेला नाही. फक्त तो तिच्यावर काढता येईना.

मी अधिकाऱ्याला फोन करून माझ्या अटी सांगितल्या. शेरा आधी रद्द करायचा, निवेदन नंतर मिळेल. रद्द करताना त्याच नोंदवहीत, त्याच शेऱ्याखाली, हिंदीत लिहायचं. तिला मोठ्याने वाचून दाखवायचं. कामावर परत घेतल्याचं पत्र तिथेच तिच्या हातात द्यायचं. आणि मी तिथे हजर असणार. तो म्हणाला, "काकू, विश्वास नाही का?" मी म्हटलं, "नाही."

मंगळवारी सकाळी आम्ही फाटकावर जमलो. आजोबा आले नाहीत. मी बोलावलंही नव्हतं. बाई इस्त्री केलेला सलवार-कमीज घालून आली होती, वर तेच निळं स्वेटर. अधिकाऱ्याने नोंदवही उघडली. लिहिलं की वरील शेरा रद्द करण्यात येत आहे.

"कारण लिही," मी म्हटलं.

"काकू, कारणाची गरज नसते."

"शेरा लिहिताना कारण लिहिलं होतंस. अर्धं पान."

त्याने लिहिलं, चौकशीत कर्मचाऱ्याची चूक आढळली नाही. चौकशी कधी झालीच नव्हती. खरी गोष्ट सांगायला खोटी चौकशी लागली. त्याने ते वाचून दाखवलं, सपाट आवाजात, घाईने. बाई म्हणाली, "साब, एक बार फेर." त्याला पुन्हा वाचावं लागलं. मग तिने वही आपल्याकडे ओढली आणि बोट ठेवून स्वतः वाचलं, शब्द शब्द, ओठ हलवत. तिला वेळ लागला. तो खोलीतल्या खोलीत येरझारा घालत होता. तिने सही केली, पत्र घेतलं, घडी करून स्वेटरच्या आत ठेवलं.

मी पर्समधून निवेदनाची माझ्याकडची प्रत काढली, आणि मागे घेत असल्याचं पत्र. त्यात एकच ओळ होती. इतकी वर्षं इतके कागद लिहिले, कुठल्याच ओळीची मला एवढी किळस आली नव्हती. सही केली. ट्रॉलीमनच्या मोडलेल्या मनगटासाठी त्या ओळीत काही नव्हतं. मास्टरजींसाठी नव्हतं. मी स्वतः मारलेल्या हाकेसाठीही नव्हतं. अधिकृतरीत्या त्या रविवारी मी घरीच होते.

"थँक यू, काकू," तो म्हणाला. "बरं झालं मिटलं. सरांना नमस्कार सांगा."

"मला काकू म्हणू नकोस."

तो काहीतरी बोलणार होता, पण त्याचा मोबाईल वाजला आणि तो बोलत बोलत बाहेर जाऊन रुळांच्या मधे उभा राहिला. त्याला तिथे आवाज नीट येत असावा. मीही बाहेर आले. बाई आत राहिली. तिने भिंतीवरची किल्ली काढली, झेंड्या झटकल्या, मेजावरची धूळ ओढणीच्या टोकाने पुसली, अठ्ठावीस दिवस दुसऱ्याने वापरलेली खुर्ची खिडकीजवळ होती ती परत दारापाशी ओढली. मग बाहेर येऊन दोन्ही बाजूंना लांबवर पाहिलं. माझ्या पायांकडे पाहिलं, मी खडीवर उभी होते. त्याच्याकडे पाहिलं.

"लाइन पे खड़े ना होओ, अम्मा जी," ती म्हणाली. आणि मग तशाच आवाजात, "साब, आप बी."

तो फोन कानाला लावूनच बाजूला झाला.